कडू पाण्याचा पंप

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे, मित्रांनो. एका रोपवाटिकेच्या बंद काचघरात पडून आहे. दांडा गंजला, टाकीत कोळ्यानं बिऱ्हाड केलं. सोबतीला तेवढाच, आणि तोही अबोल.

नवा होतो तेव्हा सोन्यासारखा लखलखायचो. माळीकाका मला पाठीला अडकवत आणि त्यांचा धाकटा भाऊ माझ्यात बाजारातलं औषध ओतत असे. औषध कसलं, विषच ते! किडे पटापट मरत, सगळे माझी वाहवा करत आणि मी फुशारून जाई.

एका दुपारी, नुकत्याच फवारलेल्या टोमॅटोंमध्ये काकू कोसळल्या. वाचल्या, पण छाती कायमची अधू झाली. फवारणी झाली की त्या बाहेर एकट्याच बसून काचेतून आत बघत राहायच्या. काकांना ते बघवेना.

"तुला आत येता येईल, असंच काहीतरी यापुढे यात भरायचं," ते म्हणाले.

मग काकूंनी निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या. पाणी फडक्यातून गाळलं, त्यात ठेचलेला लसूण आणि अंदाजानं साबणाचं पाणी घातलं. पहिल्या हंगामात अळ्यांनी निम्मी रोपं फस्त केली. भाऊ भडकला.

"वहिनी, कडू पाण्यानं किडे मरत नसतात, हसतात!"

"न का मरेनात, भाऊजी. खायचे थांबले तरी पुरे."

भावाला ते पटलं नाही. तो वेगळा झाला आणि बोलणंही तुटलं. इकडे काकूंचा हात हळूहळू बसला. पानं सावरली, मधमाश्या परतल्या. मला लसणाचा वास यायचा, कौतुक कुणी करत नसे. पण काकू काचेच्या आत होत्या.

पुढे काकू गेल्या. त्यांच्यामागोमाग काकाही. दाराला कुलूप लागलं.

परवा ते उघडलं. भाऊ आला होता, म्हातारा झालेला. श्वास काकूंसारखाच तोकडा. पिशवीत निंबोळ्या होत्या. त्यानं मला पुसलं, मांडीवर घेतलं.

"वहिनी, साबणाचं पाणी किती घालायचं हो?"

तो उत्तराची वाट बघत बसला. मला तो वास ठाऊक आहे, रंग ठाऊक आहे. पण वाचा नाही. बऱ्याच वेळानं त्यानं मला बाकावर ठेवलं, पिशवी उचलली आणि निघून गेला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण ज्यांच्या हातात असं काही कसब आहे, त्यांच्यापाशी जाऊन बसा. अबोला असला तरी जा. विचारलंत तर ते सांगतील. आम्हा वस्तूंना सांगता येत नाही.