मी कोंबडा झाले त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. दोन चाकं, एक घंटी आणि सीटवर बोकडाचं कातडं, एवढाच माझा संसार. तरीही आफ्रिकेतल्या मलावी देशात, सरोवराकाठच्या एका गावात लहानथोर सगळे मला ‘कोंबडा’ म्हणतात. हसू नका. हे नाव मला भर सभेत मिळालं आहे आणि त्यासाठी एका खऱ्याखुऱ्या कोंबड्याला जीव द्यावा लागला आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथल्या नावाचा शिक्का कधीच पुसला गेला, त्यामुळे माहेरचं नाव काही मला सांगता येत नाही. डेड्झाच्या डोंगरातल्या काचिंग्वेमामांनी मला तरुणपणी विकत घेतलं आणि माझे लाड सुरू झाले. पाऊस आला की मी घरात आणि मामा वळचणीला. कुणी मला मागायला आलं की मामा तोंड उघडून म्हणत, “हा दात माग, उपटून देतो. सायकल मागू नकोस.”

माझ्या कॅरियरवर एकाच माणसाची हक्काची जागा होती. तो म्हणजे मामांचा भाचा थोकोझानी. आमच्या चेवा लोकांत मुलाचं बरंवाईट मामाने बघायचं असतं. शाळेला, बाजाराला, तापात दवाखान्याला, सगळीकडे आम्ही दोघांनी त्याला वाहिलं. तो मोठा झाला आणि सरोवराकाठच्या तियांजाने नावाच्या मुलीवर भाळला. आता सोयरीक पक्की करायची म्हणजे दोन्हीकडच्या मामांनी समोरासमोर बसायचं. मुलाच्या मामाने कोंबडा द्यायचा, मुलीच्या मामाने कोंबडी. कोंबडा नाही तर सोयरीकही नाही. शिवाय लग्नानंतर मुलगाच बायकोच्या गावी नांदायला जातो, त्यामुळे मामांचा जीव आधीच खालीवर होत होता.

सोयरिकीच्या बैठकीसाठी बायकामंडळी ट्रकने पुढे निघाली. थोकोझानी म्हणाला, “मामा, तुम्हीपण चला की. वाट लांब आहे.”

“ट्रकवर मेंढरं बसतात. माझी सायकल काय मेली आहे का?”

“मग कोंबडा तरी आमच्याकडे द्या.”

“मामाचा कोंबडा मामाच्याच हातून येतो. मला रीत शिकवतोस होय रे?”

झालं. माझ्या हँडलला बांबूची टोपली बांधली, तिच्यात लाल तुऱ्याचा कोंबडा बसवला आणि आम्ही निघालो.

आता माझी एक खोड सांगते. उतारावर माझा पुढचा ब्रेक दाबला की तो थेट कोंबड्यासारखा आरवतो. टोपलीतल्या महाराजांना वाटलं, कुणी परका कोंबडा आव्हान देतोय. तो लगेच आरवला. पुढचं वळण आलं, मी आरवले, तो पुन्हा आरवला. अख्खा घाट आम्ही भांडतच उतरलो. मक्याच्या शेतातल्या बाया हातातली कुदळ टाकून हसायच्या. “अहो मामा, यातला खरा कोंबडा कुठला?”

वाटेत म्हातारं माणूस दिसलं की मामा खाली उतरत. तुम्ही बरे ना, तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे, असं सगळं यथासांग व्हायचं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोरून सायकल दामटणं शोभत नाही, आणि त्या वाटेवर म्हाताऱ्यांना तोटा नव्हता. सपाटीवर आलो तोवर दिवस कलला. मामांनी एनेलेसी नावाच्या ओळखीच्या बाईकडे मुक्काम केला. मला टोपलीसकट आंब्याला टेकवून ते अंघोळीला गेले.

मित्रांनो, इथेच घात झाला. त्या वर्षी सखल भागात रोगाची साथ येऊन कोंबड्यांचा फडशा पडला होता. एनेलेसीबाईंनी तो लाल तुरा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. पाहुणा कोंबडा घेऊन दारात आला म्हणजे तो यजमानासाठीच, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्यांनी टोपली उघडली. मी जिवाच्या आकांताने घंटी वाजवणार होते, पण वाजवायला हात कुणाचे? आम्हा सायकलींचं हेच दुःख आहे.

जेवणात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गरम गोळा, आणि रस्सा आला. कोंबड्याच्या पोटातला कडक पेटा मानाच्या पाहुण्याचा, तो मामांच्या पानात पडला. मामा खूश. “वहिनी, साथ तुमच्याकडे फिरकली नाही वाटतं?”

“फिरकली नाही कशी! एक पीसही उरलं नाही, भाऊजी. पाहुणा असावा तर तुमच्यासारखा. स्वतःचा कोंबडा घेऊन येतो!”

मामांचा घास तोंडात थांबला. पेटा ना गिळवेना, ना थुंकवेना. दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे यजमानीणबाईंचा अपमान. शेवटी मामांनी डोळे मिटले आणि गिळला. “छान शिजलाय,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एनेलेसीबाईंना वाटलं, मिरची लागली.

पुढच्या वाटेवर मामा गावोगाव कोंबडा विचारत सुटले. कुठेच नव्हता. चढावर मला ढकलताना ते माझ्याशीच बोलत होते, “त्या पोराचं लग्न मी खाल्लं गं. चावून चावून खाल्लं.” मला फार वाईट वाटलं.

सरोवराकाठच्या शेवटच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि मी खणखणीत आरवले. झाडाखाली वाट बघत बसलेली सगळी मंडळी उठली. “आला! कोंबडा आला!” बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. थोकोझानीचा चेहरा उजळला. मग सगळ्यांना रिकामी टोपली दिसली.

मुलीचे चिसालेमामा रीतीला पक्के होते. साथीतून वाचलेली एकुलती कोंबडी काखेत धरून ते म्हणाले, “आवाज ऐकला आम्ही. पक्षी कुठाय?”

“पोटात,” मामा म्हणाले.

“कुणाच्या?”

“थोडा माझ्यापण.”

कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी सगळी हकिगत सांगितली. आता हसण्याला बांध राहिला नाही, पण चिसालेमामा हसले नाहीत. “कोंबड्याशिवाय मी मुलगी कशी देऊ?” ते म्हणाले. तियांजाने मान खाली घालून बसली होती.

मामांनी माझं हँडल धरलं आणि मला मधोमध चटईवर नेऊन उभं केलं. दात उपटून द्यायला तयार असणारा तो माणूस बोलताना अडखळत होता. “ही आरवते, हे तुम्ही ऐकलंत. कापणीनंतर मी कोंबडा आणीन. तोवर हाच माझा कोंबडा.”

चिसालेमामांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. ब्रेक दाबून, मला पुढे ढकलून पाहिलं. मी जीव ओतून आरवले. त्यांच्या काखेतली कोंबडी दचकून सुटली, ती थेट माझ्या टोपलीत जाऊन बसली आणि अंडं घालून मोकळी झाली.

“तिला पसंत आहे,” चिसालेमामा म्हणाले. “मग आमचं काय जातंय!”

कापणीनंतर मामा खरंच आले. पायी, धुळीने माखलेले, काखेत पांढरा कोंबडा. मी अंगणात होते. तियांजानेने माझी साखळी तेलाने चमकवली होती. मामांनी रुमालाने माझी सीट पुसली, घंटी एकदा वाजवली. थोकोझानी म्हणाला, “न्या मामा, तुमचीच आहे.”

“वेडा आहेस का?” मामा म्हणाले. “सोयरिकीत दिलेला कोंबडा परत नेला तर लग्न मोडतं.” आणि पांढरा कोंबडा तियांजानेच्या हातात देऊन म्हणाले, “हा आज शिजव पोरी. या खेपेला पेटा सुखाने खाईन.”

दुसऱ्या दिवशी ते चालत निघाले. एकदाही मागे वळले नाहीत. भाचाही इथे, मीही इथे. मागे बघायचं तर किती बघणार?

मित्रांनो, आता मी फार म्हातारी झाले आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी भिंतीला टेकून असेल, तर तिला हवा भरा, तेल घाला. फक्त तिची जुनी खोड मोडू नका. थोकोझानी माझा ब्रेक दुरुस्त करायला निघाला होता, तेव्हा तियांजानेने त्याच्या हातून पाना काढून घेतला. कारण कधीमधी मला ट्रकवर चढवून डोंगरात नेतात. मामांच्या घराआधी एक उतार आहे. तिथे मी आरवते, आणि तो म्हातारा हातातला घास टाकून धावत अंगणात येतो.