विसाव्याचं स्टूल

रुपरावला उठायचं होतं. एवढंच. एक्केचाळीस वर्षं तो घाटाच्या वळणावर एका लाकडी स्टुलावर बसून होता आणि आता त्याला घरी जाऊन खाटेवर आडवं व्हायचं होतं. स्टुलाचा एक पाय केव्हाच गेलेला, त्या जागी विटेचा तुकडा. उरलेले तीन पाय जमिनीत असे रुतले होते की दोनदा रस्ता झाला आणि दोन्ही वेळा डांबर स्टुलाला वळसा घालून पुढे गेलं.

दुकान अंत्यविधीच्या सामानाचं, दहनघाटाच्या वाटेवरचं. बांबू, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, गुलाल. पाटी कधी लागलीच नाही. घरात कोणी गेलं की लोक आवाज खाली करून विचारत, "तो स्टुलावरचा कुठं बसते जी?" रुपराव त्यांना दोनच गोष्टी विचारायचा. उंची किती, आणि बाहेरगावचं कोणी यायचं आहे का. मग मुकाट्याने बांधून द्यायचा. गिऱ्हाइकाला "या" म्हणायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. निघताना गिऱ्हाईक "येतो" म्हणत नाही, हा दुसरा, आणि तो कोणाला शिकवावा लागत नाही. इतक्या वर्षांत अर्धं नागपूर त्याच्यासमोरून काही न बोलता पाठ फिरवून गेलं होतं. कंबरेचा शीण त्याने बायकोला, प्रयागबाईला, रोज सांगितला. हा दुसरा शीण मात्र तिलाही सांगितला नाही.

"मी बसतो ना दुकानात," त्याचा पोरगा दुर्गेश म्हणाला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात नऊ वर्षं सुताच्या मशिनीसमोर उभं राहून त्याचेही पाय भरून आले होते. "पन असा स्टुलावर नाही बसत. ऑफिस पाह्यजे, गाडी पाह्यजे, नाव पाह्यजे. आन् लोगो पाह्यजे."

"लोगो म्हंजे?"

"चिन्ह असते ना, बाबा. पाह्यलं का मानसाले समजलं पाह्यजे."

"घरात मयत झाल्यावर समजतेच ना बे. चिन्ह कायले लागते?"

"लोगो झाल्याबिगर मी बसत नाही. सांगून ठेवतो."

नाव दुर्गेशने ठरवूनच आणलं होतं, 'विसावा'. तिरडी अर्ध्या वाटेवर क्षणभर खाली टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात, ती जागा म्हणजे विसावा. रुपरावला नाव पटलं. आपली अर्धी वाट कधीच मागे पडली आणि खांदा बदलायला कोणी येत नाही, असं त्याला बरेच दिवस वाटतच होतं.

लोगो काढायला उत्तरा मिळाली. ही गांधीबागेत साड्यांच्या पिशव्यांवर मोर आणि कुयऱ्या काढायची. वीस वर्षं मोर काढून तिच्या डोळ्यांखालीही मोरपिसासारखी वर्तुळं आली होती.

"कसा पाहिजे?" तिने विचारलं.

"शांत पाह्यजे," दुर्गेश म्हणाला. "पन दिसला पाह्यजे. समजलं त पाह्यजे, पन एकदम समजू नाही. आन् कोनी घाबरलं नाही पाह्यजे."

उत्तराने पेन्सिल खाली ठेवली, पाणी प्यायली, पेन्सिल पुन्हा उचलली.

तिने ज्योत काढली. प्रयागबाई म्हणाली, "हे त गॅसचं दुकान वाटून राहिलं वं." जोडलेले हात काढले, तर ते मंगल कार्यालय झालं. उडता पक्षी कुरिअरवाल्याचा निघाला. क्षितिजाकडे जाणारी वाट काढली, तेव्हा दुर्गेशचा मित्र येऊन विचारून गेला की मोटार शिकायला किती दिवस लागतात. चित्रागणिक रुपराव स्टुलावर एक इंच खचायचा. त्याला लोगोशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला फक्त तो व्हायला हवा होता.

चौदाव्या खेपेला उत्तराने एक पालथं मडकं काढलं आणि त्याच्याखाली जाळ. "मडकं म्हणजे देह," ती म्हणाली. आवाजात जीव नव्हता. "पालथं म्हणजे रिकामा झाला. खाली अग्नी आहेच."

"वाह!" दुर्गेश म्हणाला. "फायनल!"

पाटी लागली. पत्रकं छापली. मडकं, जाळ, खाली ठसठशीत 'विसावा' आणि फोन नंबर. पत्रकं कळमन्याच्या बाजारापर्यंत गेली. रुपरावने घरची खाट कसून घेतली. आता दुसऱ्याच दिवसापासून तो तिच्यावर पडणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. दुर्गेशने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने लावला.

"विसावा का?"

"हो जी, बोला."

"मी मधुकरराव, कळमन्याहून. उद्या साठ लोकाइचं करा लागते."

दुर्गेश मटकन बांबूंवर बसला. "साठ? कुठं झालं जी? बस पलटली का?"

"बस कायले पलटते? घरीच हाय. नातवाचं बारसं."

"बारशात साठ?"

"कमी वाटून राहिले का? बरं, पासष्ट धरा. चार मडके आना. आन् जाळ बरोबर ठेवजा गा. मागं एकाले सांगतलं होतं, त त्याच्याकडल्या अर्ध्या कच्च्याच राह्यल्या होत्या."

दुर्गेशच्या हातून फोन गळून गोवऱ्यांत पडला.

चूक उत्तराचीही नव्हती. नागपूरच्या माणसाला पालथं मडकं आणि त्याखाली जाळ दाखवा. त्याला मरण आठवत नाही, लंबी रोटी आठवते. मडक्याच्या तापल्या पाठीवर रुमालासारखी पसरलेली रोटी आणि सोबत झणझणीत रस्सा. त्यातून नाव काय, तर विसावा! गावाबाहेरच्या दर तिसऱ्या ढाब्याचं नाव तेच. तीन दिवसांत सव्वाशे फोन आले. एक ट्रकवाला तर स्टुलासमोर मांडी घालून बसला आणि रस्सा तिखट आहे ना, असं रुपरावलाच विचारू लागला. रुपरावने मागच्या बांबूंकडे बोट केलं. ट्रकवाला तिथून पळाला तो चपला ठेवून, आणि त्या त्याने आजवर नेलेल्या नाहीत.

मधुकररावही आले, रोट्या का आल्या नाहीत म्हणून भांडायला. गाडीतून उतरले, स्टुलावरचा माणूस पाहिला आणि त्यांच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. बारा वर्षांपूर्वी वडिलांसाठी इथूनच तर सगळं नेलं होतं. रुपरावने ओळखून नुसती मान हलवली. मधुकररावांनीही हलवली आणि काही न बोलता ते गेले.

"नाही होत आपल्यानं," दुर्गेश म्हणाला. "मी सोमवारी बुटीबोरीले वापस जातो."

रुपरावने स्टुलाखालची वीट नीट सरकवली, अजून दहाएक वर्षं बसायचं असल्यासारखी.

पत्रकांचा घोळ कानावर गेला तशी उत्तरा स्वतः घाटावर आली. एवढी चित्रं काढली, पण दुकान तिने पाहिलंच नव्हतं. बांबूंच्या ढिगावर बसली. तासाभरात दोन घरची माणसं येऊन गेली. दोघांनीही पाटी पाहिली नाही, सरळ स्टुलाकडे आली. ते बघून तिने वही काढली. थोड्या वेळाने कागद पुढे केला, तर त्यावर रुपराव. वाकलेली पाठ, गुडघ्यांवर हात, खाली तीन पाय आणि एक वीट.

"हाच तुमचा लोगो, काकाजी. लोक तुम्हालाच शोधत येतात."

दुर्गेशने उड्या मारायचंच बाकी ठेवलं. रुपरावने कागद दूर धरला, जवळ धरला.

"चांगला काढला, पोरी," तो म्हणाला. "पन मी तिथं पाटीवर बसलो, त मले उठू कोन देईन? लोक चित्र पाहातीन आन् विचारतीन, हा मानूस कुठाय म्हनून. मंग जनमभर बसा इथंच."

वीस वर्षं खुर्चीत बसलेल्या उत्तराला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तिने खोडरबर काढलं. आधी डोकं पुसलं, मग खांदे, मग गुडघ्यांवरचे हात. कागदावर राहिलं नुसतं स्टूल. तीन पाय, एक वीट.

तेवढ्यात प्रयागबाई डबा घेऊन आली. तिने कागदात डोकावून पाहिलं आणि एकदम आवाज खाली करून विचारलं, "कोन उठून गेलं वं, माय?"

दुर्गेशने कागद अलगद घडी करून खिशात ठेवला.

नवी पाटी शुक्रवारी लागली. रिकामं स्टूल, खाली विसावा. दुर्गेश आत ऑफिसातल्या खुर्चीत बसला. रुपराव उठला. उठताना गुडघे असे कडकडले की झाडावरचे कावळे उडाले. घरी येऊन तो कूलरसमोरच्या खाटेवर पडला, माशांसाठी तोंडावरून पांढरी चादर ओढली आणि झोपला. शुक्रवार गेला, शनिवार गेला, तो उठला नाही. फक्त कूस बदलायचा.

इकडे घाटाच्या वळणावरून जाणाऱ्या लोकांनी पाटी पाहिली. रिकामं स्टूल. खाली पाहिलं, तर खरं स्टूलही रिकामं. बातमी गांधीबागेत गेली, तिथून कळमन्यात. रविवारी सकाळी प्रयागबाई भाजी घेऊन आली तर दाराशी चपलांचा ढीग. आत भिंतीला टेकून चाळीसएक माणसं खाली मान घालून बसलेली, आणि मधोमध खाटेवर पांढऱ्या चादरीखाली तिचा नवरा.

"मोठा मानूस होता," कोणीतरी म्हणालं. "माह्या मायची उंची त्यानं नुसत्या डोळ्यानं सांगतली होती."

"आमच्या बाबाच्या वक्ती पानी पाजलं होतं मले," मधुकरराव म्हणाले. "आपल्याच लोट्यातलं."

"काहून बसले जी सारे?" प्रयागबाई दारातूनच ओरडली. "झोपले हायेत ते! घोरून नाही राहिले का?"

चाळीस माणसांनी कान दिला. चादर हलत होती. आतून आवाजही येत होता, बैलगाडी चढावर चढावी तसा.

रुपराव कधीचा जागा झाला होता, घोरणं बायकोचा आवाज आल्यावर मुद्दाम सुरू केलेलं. त्याने सगळं ऐकलं होतं. पण चादर दूर करायची म्हणजे हात उचलावा लागला असता, मग बसावं लागलं असतं, आणि बसण्याचा त्याला आता वीट आला होता.

माणसं ओशाळून एकेक उठली. सवयीने काही न बोलताच दाराकडे निघाली. चपला ओळखू येईनात, तरी कोणी आवाज केला नाही. मधुकरराव सगळ्यात शेवटी उंबऱ्याशी पोचले. थबकले. मागे वळून त्यांनी हलत्या चादरीकडे पाहिलं.

"येतो मंग, रुपरावभाऊ."

चादर क्षणभर हलायची थांबली.

"या," आतून आवाज आला. आणि रुपराव कुशीवर वळला.