पाचवी सुई

बेसिनच्या जाळीतून सुई सटकली, पाइपात कुठेतरी टणकन वाजली, आणि सुनेच्या हातात केसांचा ओला गुंता तेवढा उरला. तिने वाकून भोकात पाहिलं. आत काळोख होता. बोट घातलं तर ते पहिल्या पेराशीच अडलं. मग तिने नळ सोडला. पाणी असं सरसर गेलं, जणू बेसिन कधी तुंबलंच नव्हतं.

बरेच दिवस ते तुंबत होतं. नवरा रोज ‘बघतो’ म्हणायचा आणि बघायचा नाही. आज तिला दुकानातून सुट्टी होती म्हणून तिनेच बाह्या सरसावल्या होत्या. लांब, बारीक आणि कडक असं काहीतरी हवं होतं. सासूबाईंच्या विणकामाच्या टोपलीत बाळमोजा चार सुयांवर चौकोनासारखा ताणून बसलेला, आणि शेजारी पाचवी सुई नुसतीच पडलेली. तिच्यावर एकही टाका नव्हता. जास्तीची असणार, असं सुनेला वाटलं. विणणाऱ्या कोणालाही हे ऐकून हसू आलं असतं. चार सुया टाके धरून बसतात. विणते ती पाचवी, मोकळी असते तीच. पण सुनेला विणकाम येत नव्हतं, आणि आजवर त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं.

आता सरळ सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती हात पुसत बाहेर आली. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. टोपली मांडीवर घेऊन एकेक लोकरीचा गुंडा बाहेर काढत होत्या.

“माझी सुई पाहिलीस का गं? आत्ता इथे होती.”

उत्तर अगदी जिभेवर होतं. पण गेले कित्येक महिने सासूबाईंनी काहीही शोधायला घेतलं की तिच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, आणि सवयीने आत्ताही तेच निघालं.

“तुम्हीच ठेवली असेल कुठेतरी, आई. आठवून बघा.”

सासूबाईंचा हात गुंड्यावर थांबला. “हो, ठेवली असेल,” त्या म्हणाल्या.

वाक्य परत घ्यायला तेव्हाही वेळ होता. पण मागच्या रविवारची गोष्ट आड आली. त्या रविवारी गॅस चालू राहिला होता आणि पातेलं जळून कोळसा झालं होतं. सासूबाई म्हणत होत्या की मी बंद केला होता. सून तेव्हा जरा जास्तच बोलली होती. आज पातेलं जळलं, उद्या घर जळेल, असं नवऱ्यासमोर म्हणाली, आणि नणंदेलाही फोन लावून ऐकवलं. आईंना डॉक्टरांना दाखवायला हवं हा विषय तिनेच काढला होता, आणि बोलता बोलता तो पक्काही झाला होता. आता त्याच तोंडाने, आई, सुई मी न विचारता घेतली आणि गटारात घालवली, असं म्हणायचं होतं. ते तिच्याने होईना. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच ओटा पुसत राहिली.

सासूबाईंनी सगळं घर पालथं घातलं. खुर्चीची उशी उचलून पाहिली, झटकून पाहिली, पुन्हा उचलून पाहिली. सोफ्याखाली टॉर्च मारायला गुडघ्यांवर बसल्या आणि उठताना भिंतीचा आधार घेतला. कपाट झालं, नातीचं दप्तर झालं. शेवटी त्यांनी फ्रीज उघडला. वरचा कप्पा, खालचा कप्पा, भाज्यांचा ट्रे, सगळं नीट पाहिलं आणि दार हळूच लावलं.

“सुई फ्रीजमध्ये कशी असेल, आई?” सुनेने विचारलं. तिचा आवाज तिलाच कसातरी वाटला.

“माझ्या बहिणीचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता,” सासूबाई म्हणाल्या. “तिचं तिथूनच सुरू झालं.”

ह्या मोठ्या बहिणीबद्दल घरात कोणी बोलत नसे. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग माणसं, अशा क्रमाने तिचं एकेक हरवत गेलं होतं. शेवटी शेवटी ती ह्या धाकटीला ‘बाई, तुम्ही कोण?’ असं अदबीने विचारायची.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्यात काय, नवीन सुई आणू. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सुईचा प्रश्न नाही रे, एवढंच म्हणाल्या. टाके तीन सुयांवर घेऊन चौथीने विणता आलं असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. आयुष्यभर मोजे, टोप्या, बाहुल्यांचे स्वेटर असलं बारीकसारीक विणत आलेल्या त्या. पण त्यांनी अर्धा मोजा तसाच टोपलीत ठेवला आणि वर रुमाल टाकला. मग उठून स्वतःच्या पर्समधून बाहेरच्या दाराची किल्ली काढली आणि सुनेपुढे धरली.

“उद्यापासून छोटीला शाळेतून तू आण. मधे तो मोठा रस्ता आहे. माझा भरवसा नको.”

सुनेने किल्ली घेतली. दुसरं काय करायचं ते न सुचून तिने ती आपल्या जुडग्यात अडकवली.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसांना वाईट न वाटता ‘आता नंबर वाढलाय’ हे सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी मालकाची परवानगी काढून ती शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. छोटीने तिला पाहिलं आणि तिच्या मागे पाहिलं.

“आजी कुठेय?”

“घरी आहे.”

“का?”

सुनेने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि मोठा रस्ता ओलांडला. घरी आल्यावर छोटीने तेच आजीला विचारलं. आजी म्हणाली, आजीचं डोकं जरा सुट्टीवर गेलंय. छोटी खूप हसली. आजीही हसली. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगू, आणि रोज एक दिवस जास्त झालेला असायचा. पहिल्या दिवशी ती नुसती चूक होती. आता तिला काय म्हणायचं? सासूबाई गॅस बंद केला की तिला हाक मारून दाखवायच्या. औषध घेतलं की रिकामं पाकीट तिच्यापुढे धरायच्या. एखादं पोर वही दाखवायला यावं तशा त्या यायच्या, आणि ती मान हलवायची. मान हलवताना तिला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवत नसे.

मग तिला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. लोकरीच्या दुकानात जाऊन तिने तशा सुया मागितल्या. कितव्या नंबरच्या, हे दुकानदाराने विचारलं तेव्हा ती गडबडली आणि अंदाजाने एक दाखवली. सुटी सुई मिळत नव्हती, म्हणून अख्खा संच घेतला. सुया नव्याकोऱ्या होत्या, सरळसोट आणि लखलखीत. घरातल्या तशा नव्हत्या. सासूबाईंच्या हातात वापरून वापरून त्या किंचित धनुष्यासारख्या झाल्या होत्या आणि मधे त्यांची चकाकी उडाली होती. एवढं तरी तिने पाहून ठेवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसली. चष्म्याच्या काड्या वाकवायच्या पकडीला कापड गुंडाळून तिने एक सुई हलकेच वाकवली. मग मधला भाग तारेच्या घासणीने घासला, उजेडाकडे धरून पाहिला, आणखी घासला. हात सफाईने चालत होते, तिचं रोजचंच काम होतं ते. सुई हुबेहूब जुनी दिसायला लागली तेव्हा तिला क्षणभर बरंही वाटलं. आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तिने ती घाईने पर्समध्ये टाकली. उरलेल्या चार सुया ड्रॉवरच्या तळाशी सारल्या.

सुई तिने खुर्चीच्या उशीखाली ठेवली. सासूबाईंना ती त्याच संध्याकाळी सापडली.

“सापडली!” त्या ओरडल्या नाहीत; नुसतं म्हणाल्या, आणि सुई हातात धरून उभ्या राहिल्या. “पण इथे तर मी पाहिलं होतं. उशी झटकलीसुद्धा होती.”

“असेल शिवणीत अडकलेली,” सून म्हणाली. ते तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

“असेल,” सासूबाई म्हणाल्या. मात्र त्यांचा चेहरा जितका खुलायला हवा होता तितका खुलला नाही.

त्याच वेळी नणंदेचा फोन आला. नवऱ्याने मोबाइल टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर नणंद पोटावर हात ठेवून बसली होती. दिवस भरत आले होते. तिने आईला मोजे कुठपर्यंत आले ते विचारलं. सासूबाईंनी पहिला मोजा दाखवला, अंगठ्याएवढी टाच असलेला. मग दुसरा मांडीवर घेतला, सापडलेली सुई उचलली आणि विणायला लागल्या.

सुई अर्धी भरली. त्या थांबल्या. सुईवरून बोट फिरवलं, टोक चिमटीत धरून पाहिलं. आणखी काही टाके घातले आणि हात मांडीवर ठेवले.

“काय झालं, आई?” नवऱ्याने विचारलं.

“ही माझीच सुई आहे ना रे?”

“तुझीच. कोणाची असणार?”

“दिसते माझी. हाताला लागत नाही.” त्या मुलाकडे पाहत नव्हत्या, स्वतःच्या बोटांकडे पाहत होत्या. “एवढी वर्षं हिच्यावर विणलंय मी. आज परक्याची वाटते. डोकं विसरतं ते ठीक आहे. पण हात?”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, त्यात ‘तू म्हणत होतीस ते खरं निघालं’ असं काहीतरी होतं. मग नणंद समजूत घालायला लागली, की आई, राहू दे, बाजारात मिळतात मोजे, तू आता आराम कर, डॉक्टर काय म्हणतात ते बघू. सासूबाईंनी मान हलवली आणि शहाण्या मुलासारख्या मोजा गुंडाळायला लागल्या. विणायचं सोडूनच देत होत्या त्या. एकेक सुई दुसरीला लावून ठेवत होत्या.

“आईंची नाहीये ती,” सून म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, फोनमधल्या नणंदेनेसुद्धा. सून उभीच होती. खुर्ची ओढून बसावं इतकंही तिला सुचलं नाही.

“आईंची सुई मी बेसिनमध्ये घालवली. साफ करायला घेतली होती. ही मी आणली. जुनी दिसावी म्हणून घासली. वाकवलीसुद्धा मीच. आईंनी काही हरवलं नव्हतं. त्यांचे हात बरोबर सांगतायत.”

नणंदेने ‘वहिनी’ एवढंच म्हटलं. सुनेला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

सासूबाईंनी गुंडाळलेला मोजा उलगडला. नव्या सुईवरचे टाके जुन्या सुईवर परत घेतले आणि सुया पुन्हा चौकोनात बसवल्या. त्यांना बराच वेळ लागला. मग मान वर न करता त्यांनी विचारलं,

“आणि गॅस?”

सुनेने तोंड उघडलं. त्या रविवारी सासूबाईंनी दूध तापवलं होतं, हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर तिने स्वतःसाठी चहाही टाकला होता. की त्याआधी? चहा घेऊन ती फोनवर बोलत गॅलरीत गेली होती. पातेलं कोणतं जळलं होतं, दुधाचं की चहाचं, हे आजवर तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. ती आठवत राहिली. सगळे वाट पाहत होते.

“मला आठवत नाही, आई.”

सासूबाईंनी मान डोलावली. पटलं की नाही ते काही कळलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

“किल्ली दे. उद्या छोटीला मी आणीन.”

सुनेने पर्समधून जुडगा काढला. किल्ली कडीतून निघेना. कडी घट्ट होती. तिने नख घातलं, नख दुमडलं, पुन्हा घातलं. खोलीत कडीचा बारीक खडखड आवाज तेवढा होत राहिला. नवरा मदतीला उठला नाही. तिचे डोळे भरून आले आणि मग तर तिला कडीही धड दिसेना.

सासूबाईंनी नवी सुई उचलली आणि तिच्यापुढे धरली.

“घे. हिने निघेल.”

सुनेने सुईचं टोक कडीच्या फटीत घातलं. जोर लावताना तिचा हात आखडला.

“वाकू दे वाकली तर,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या मोज्याचे टाके तीन सुयांवर सरकवायला घेतले होते. “ती तुझीच आहे.”