भिंतीला टेकवलेली खाट

मित्रांनो, मला दिवसा पाहिलेत तर मी कोण आहे हे तुमच्या सहसा ध्यानात येणार नाही. दाराआड भिंतीला टेकवलेला नळ्यांचा आणि पट्ट्यांचा एक सांगाडा, त्यावर टाकलेली जुनी चादर, एवढेच तुम्हांला दिसेल. कोणी मला इस्त्रीचे मेज समजते, कोणी मोडकी शिडी. मी एक जुनी, घडीची लोखंडी खाट आहे.

घडीची खाट ही हौशी माणसांची सोय आहे, असे पुष्कळांचे मत असते. मला ते मान्य नाही. ज्याच्यापाशी ऐसपैस जागा आहे, तो रोज सकाळी खाटेची घडी कशाला घालील? घडी हा जागेच्या टंचाईतून निघालेला शोध आहे. ज्या कारागिराने नळ्या वाकवून माझा सांगाडा जोडला आणि ज्या बाईने त्यावर आडव्याउभ्या पट्ट्या ताणून विणल्या, त्या दोघांना हे चांगले ठाऊक असावे. कारण माझ्या बिजागऱ्या त्यांनी माझ्या पायांपेक्षाही भक्कम केल्या.

माझी पहिली वर्षे एका गोदामाच्या पहारेकऱ्याच्या खोपटात गेली. तो धिप्पाड होता आणि माझी स्तुती करण्यात कंजुषी करीत नसे. गोदाम बंद पडले, तेव्हा तिथली लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या एका माणसाने मला मागून घेतले. त्याच्या आईचे गुडघे धरले होते. तिला जमिनीवर बसले तर उठता येत नसे आणि उठले तर बसवत नसे. मला खांद्यावर घेऊन तो घरी आला, तेव्हा त्या आजीने माझ्या पट्ट्या बोटाने दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "माझ्याहून धट्टीकट्टी दिसते." तेव्हापासून मी तिची झाले.

घर म्हणजे भाड्याची एकच खोली. तीत आजी, लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा मुलगा, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी सून आणि वयात येऊ लागलेली नात. मी उघडले की खोलीचे दार अर्धेच उघडे आणि शेगडीपर्यंत जायला वाट उरत नसे. म्हणून उजाडताच माझी घडी होई. मग आजी दिवसभर एका स्टुलावर पाठ भिंतीला लावून बसे. दुपारी तिचे डोळे मिटत, मान पुढे पडे, आणि दचकून ती पुन्हा सावरून बसे. माझ्यापासून ती हातभर अंतरावर असे. अंग टाकायला हक्काची जागा असावी, एवढीच तिची इच्छा होती. आणि भर दुपारी मी उघडी राहावे, ही माझी. दोन्ही इच्छा मुळात एकच आहेत, हे मी कोणाशीही वाद घालून सिद्ध करीन.

मुलाने सरकारी घरासाठी अर्ज केला होता. प्रतीक्षायादी लांबलचक होती. पण घरात अंथरुणाला खिळलेला किंवा गुडघ्यांनी अधू झालेला म्हातारा माणूस असेल, वाढती मुलगी असेल आणि झोपायला वेगळी जागा नसेल, तर कुटुंबाला तातडीच्या यादीत घेत, आणि घर मिळेपर्यंत भाड्यालाही थोडा हातभार लावत. कागदपत्रे पाहून त्यांना त्या यादीत घेतले होते. फक्त एक तपासनीस बाई येऊन खोली प्रत्यक्ष पाहणार होती.

ती येणार हे कळताच आजीने कंबर कसली. फरशी घासून घेतली, अंथरुणांच्या वळकट्या दिसेनाशा केल्या, शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या टेलरकाकूंकडून पडदा मागून आणला. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"ही आधी बाहेर काढा."

"आई, अगं, राहू दे ना," मुलगा म्हणाला. "जसं आहे तसंच बघायला येतायत त्या."

"जसं आहे तसं? परकं माणूस घरात येणार आणि दाराआड भंगार उभं? उद्या म्हणशील, पाहुण्यांना फाटक्या चटईवर बसवा."

सुनेला कामावर जायची घाई होती. "घेऊन जा हो शेजारी," ती नवऱ्याला म्हणाली, "नाहीतर संध्याकाळपर्यंत ऐकत बसावं लागेल."

अशा रीतीने मी टेलरकाकूंच्या खोलीत, शिवणयंत्रामागे जाऊन उभी राहिले. दोन खोल्यांमध्ये भिंत होती ती नावापुरतीच. पलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. तपासनीस बाईने फीत लावून खोली मोजली. आजीने तिला चहा दिला. मग तिने विचारले, "आजी, तुम्ही झोपता कुठे?"

"इथंच की. आमचं छान भागतं. कुणाला काही त्रास नाही."

टेलरकाकूंनी यंत्र थांबवले आणि कपाळाला हात लावला.

पुढे कार्यालयाचे उत्तर आले. जागा पुरेशी असल्याचे आढळल्यामुळे कुटुंबाला तातडीच्या यादीतून साधारण यादीत टाकले होते. मुलाने ते वाचून सुनेच्या हाती दिले. ती सासूकडे वळली. "छान भागतं म्हणालात ना, आई? मग आता भागवा."

कोणी म्हणेल, आजी खोटे बोलली. माझे म्हणणे तसे नाही. आयुष्यभर दारी आलेल्या प्रत्येकापुढे आपले घर नीटनेटके मांडायचे, हीच तिची रीत. उणे काय आहे ते पाहण्यासाठीच कोणी मुद्दाम घरी येईल, असा प्रसंग तिच्यावर कधी आलाच नव्हता. तिची चूक झाली, ती खोटेपणामुळे नव्हे, शालीनतेमुळे झाली. पण प्रतीक्षायादीला शालीनता कुठून कळणार?

असे काही दिवस गेले. मग एके दिवशी नात शाळेतून आल्यावर तिने तिला जवळ बोलावले.

"पुन्हा बघायला या म्हणून सांगता येतं का गं त्यांना?"

"फेरतपासणी मागता येते, आजी. पण कारण द्यावं लागतं."

"मग लिही. म्हातारीने खाट लपवली होती."

"असं लिहू?"

"मग कसं लिहिणार? शेजारणीने चोरली होती, असं?"

फेरतपासणीच्या दिवशी आजीने कोणाला काही आवरू दिले नाही. भर दुपारी तिने मला उघडायला लावले आणि ती माझ्यावर पाय पसरून आडवी झाली. तपासनीस बाई आली. दार अर्धेच उघडले. ती अंग चोरून आत शिरली आणि तिथेच अडकून उभी राहिली.

"या," आजी पडल्या पडल्या म्हणाली. "पाय कुठं ठेवायचा ते मात्र तुम्हीच बघा. माझ्या मुलीला विचारलंत तरी तिलाही नाही सांगता यायचं," आणि तिने सुनेकडे बोट केले. सुनेला 'मुलगी' म्हटलेले मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकले. सून शेगडीपाशी कोंडल्यासारखी उभी होती. तिने मान खाली घातली.

"मागच्या वेळी ही खाट नव्हती," तपासनीस बाई म्हणाली.

"होती. पाहुण्यांपुढे घरातली अडचण मांडू नये, असं आमच्या अंगवळणी पडलंय. तुम्ही पाहुण्या नाही, हे मला उशिरा कळलं."

बाईने हातातली फीत उलगडली. "चूक एकट्या तुमची नाही, आजी. मीही चहा पिऊन गेले. शेजारी विचारलं असतं तरी कळलं असतं." मग तिने माझी लांबीरुंदी मोजली. मला आजवर कोणी मोजले नव्हते.

ती गेल्यावर मुलगा माझी घडी घालायला पुढे आला. सुनेने त्याला अडवले. "राहू द्या. झोप लागलीय त्यांना. मी दारात बसून भाजी निवडते."

त्या दुपारी मी उघडी होते.

कुटुंब पुन्हा तातडीच्या यादीत आले आहे. घर अजून आलेले नाही. सकाळी माझी घडी होते, आजी स्टुलावर बसते. गावाबाहेर सरकारी इमारतींचे बांधकाम चालू आहे, मुलगा तिथे लिफ्ट बसवायला जातो आणि घरी आला की आजी त्याला विचारते, "खिडक्या बसवल्या का रे?" तो म्हणतो, "बसवतायत."

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. कोणाचे घर अगदी टापटीप दिसले, म्हणून तिथे सुख आहे असा निष्कर्ष घाईने काढू नका. माणसे झोपतात कुठे, हे एकदा विचारा. आणि स्वतः अडचणीत असाल, तर मदतीला आलेल्या माणसापासून अडचण झाकू नका. मला ठाऊक आहे, त्या नव्या घरात आजीला स्वतःचा पलंग मिळेल आणि माझे काम उरणार नाही. तो दिवस लवकर यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती माझ्या विरुद्ध जाते, तरीही आहे. मात्र मला भंगारात घालू नका. माझ्या बिजागऱ्यांना थोडे तेल द्या, एकदोन सैल पट्ट्या ताणून घ्या, आणि यादीत या कुटुंबामागे जे कोणी उभे असेल, त्याच्या खोलीवर मला पोहोचवा.