गाळून ओतलेलं रॉकेल

आमच्या अंधेरीच्या सोसायटीत गाड्या तीनच, आणि त्यातली दुरुस्तीसाठी सदा उघडून ठेवलेली एकुलती एक माझी. लाल, दोन माणसांची, छत दुमडणारी एमजी. मरोळच्या कारखान्यातला आमचा इंग्रज साहेब मायदेशी जाताना ती माझ्या गळ्यात मारून गेला, असं कुंदा म्हणायची. मी म्हणायचो, नशीब उघडलं. त्र्याहत्तर साली पेट्रोल कडाडलं तेव्हा शहाण्या माणसांनी आपापल्या गाड्या झाकून ठेवल्या. मी मात्र नेमके तेव्हाच माझ्या गाडीचे कार्बोरेटर काढून चोरबाजारातून आणलेले मोठे बसवायला घेतले. इंजिनाला हवा जास्त मिळाली की गाडी कशी सुटते म्हणून सांगू! असो.

चोरबाजारातले ते कार्बोरेटर जुने, आतून चिकटलेले होते. धुवायला रॉकेल हवं, आणि रॉकेल मिळत होतं कुठे? कुंदाने कोपऱ्यावरच्या धोंडिरामच्या रेशनच्या दुकानापुढे साडेतीन तास रांगेत उभं राहून आणलेला महिन्याचा डबा तेवढा स्वयंपाकघरात होता. त्या रविवारी ती बोरिवलीला माहेरी गेली होती. मी डबा खाली नेला, जुन्या परातीत रॉकेल ओतून भाग धुतले. मग गाडीची पेट्रोलची नळी सोडवताना दोन-तीन वाट्या पेट्रोल परातीत सांडलं. ते मला दिसलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दिसलं नव्हतं.

रॉकेल फेकलं असतं तर कुंदाने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं आणि परत डब्यात ओतलं. रंग जवळजवळ तसाच होता. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी जिना चढलो.

सोमवारी सकाळी कुंदाने स्टोव्ह भरला, पेटवला, पंप मारला आणि भडका उडाला. मी दाढी करत होतो. ओली चादर टाकून विझवेपर्यंत तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

इस्पितळातून परतलो तर बिल्डिंगने दोषी कोण ते ठरवूनही टाकलं होतं. "त्या मेल्या धोंडिरामने भेसळ केली!" शेजारच्या शांताबाई जिन्यातच ओरडत होत्या. "परवा माझाही स्टोव्ह जरा भडकलाच होता." मग आणखी दोघींना आपापले स्टोव्ह भडकल्याचं आठवलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून रेशनिंग ऑफिसला अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं. पण समोर बारा बायका आणि कॉटवर कुंदा. मी लिहिलं. 'भेसळयुक्त रॉकेल विकून जीव धोक्यात घातल्याबद्दल' हे शब्द माझे. कुंदाचे हात बांधलेले, तिची सहीही मीच केली.

अधिकाऱ्याने आमचा डबा तपासायला नेला. पेट्रोल निघालंच. धोंडिरामचं पिंप केव्हाच रिकामं झालं होतं, तेव्हा तो दाखवणार काय? दुकानाला टाळं लागलं. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं. त्या सुटकेची लाज जास्त आहे.

बाराएक दिवसांनी संध्याकाळी दारात धोंडिराम उभा. हातात रॉकेलचा डबा.

"वहिनी, घरातलं हाय, आमच्या कार्डावरचं," तो म्हणाला. "मी काय मिसळलं नाय, आईची शपथ. पण पिंप उघडून बघायला हवं होतं ना मी. डेपोतून आलं तसंच विकलं. माझीच चूक."

"असं काय बोलता, धोंडिराम?" कुंदा म्हणाली. "मलाच वास यायला हवा होता हो. पण ह्यांची ती गाडी! ह्यांच्या हातांना, कपड्यांना, रोजच पेट्रोलचा वास. मला वेगळा काय कळणार?"

धोंडिरामने माझ्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं.

बोल, मी स्वतःला म्हणत होतो, आत्ता बोल.

"बसा ना, चहा घ्या," मी म्हणालो.

"नको साहेब," म्हणून तो डबा उंबऱ्यात ठेवून गेला. त्याचा परवाना गेला तो गेलाच, आणि पावसाळ्याआधी तो बायकोमुलांना घेऊन गावी निघून गेला. कुंदाला मी आजवर सांगितलेलं नाही. तिचे हात बरे होईपर्यंत स्वयंपाक मीच करत होतो. धोंडिरामने आणलेलं रॉकेल पंधरा दिवस पुरलं, आणि त्यावर शिजवलेलं आम्ही दोघं पोटभर जेवलो.