उजव्या बाजूचा पोचा

जावयाच्या वागण्याला आता काही धरबंधच उरला नाही, असं बाईंचं ठाम मत झालं होतं. माणूस भांडला तर चालतं, चिडला तर चालतं, भांडी आपटली तर निदान तो घरात कुठे आहे ते तरी कळतं. पण हा गृहस्थ सात महिने तोंडाला कुलूप लावून आणि उजवा हात खिशात घालून घरभर फिरत होता, चहाही डाव्या हातानेच पीत होता. वर स्वयंपाकघरातले पत्र्याचे डबे एकेक करून नाहीसे होत होते. आधी चहापत्तीचा गेला, मग बिस्किटांचा. तेलाचा रिकामा डबा गेला त्या दिवशी बाईंनी मुलीला विचारलं, तुझा नवरा पत्रा खातो का? तसं असेल तर सांग, उगाच कशाला भाज्या चिरायच्या.

मुलगी हसली नाही. सकाळच्या पाळीला जायची घाई होती, आणि खरं म्हणजे ती आता नवऱ्यावरच्या कुठल्याच विनोदाला हसत नसे.

जावई डेंटर होता. ठोकर खाऊन आलेली गाडी तो अशी सरळ करायचा की धक्का नेमका कुठे बसला होता, ते गाडीच्या मालकालाच पुन्हा आठवावं लागे. सात महिन्यांपूर्वी वर्कशॉपमध्ये जॅक घसरला आणि हात खाली सापडला. हाडं जुळली, पण तीन बोटं काही पुरती मिटेनात. डॉक्टरांनी सांगितलं, हाताला काम द्या, बारीकसारीक द्या, पण द्या. मुलीने दाबायला रबरी चेंडू आणून दिला. तो कपाटाखाली गडगडत गेला तो गेलाच. वाकून काढायची तसदी जावयाने घेतली नाही, आणि बाईंच्या गुडघ्यांनी घेऊ दिली नाही.

त्यात फोरमनचा फोन आला. बाईंनी तो चोरून ऐकला असं कोणी म्हणू नये. घर लहान आणि फोरमनचा आवाज मोठा, त्याला बाई काय करणार? फोरमन सांगत होता, महिनाअखेरपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो, त्यापुढे मला नवा डेंटर घ्यावाच लागेल. जावई म्हणाला, बघू. महिना संपायला बारा दिवस होते. जावयाने बायकोला यातलं अक्षर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चादरी ठेवताना बाईंना कपाटाच्या तळाशी एक गाठोडं लागलं. आत त्याचे सगळे हातोडे होते, तेल लावून, पुसून, जुन्या सदऱ्यात घट्ट बांधलेले. पुन्हा वापरायची हत्यारं कोणी अशी बांधत नाही. बाईंनी गाठोडं होतं तसंच परत ठेवलं आणि कपाट लावून टाकलं.

जावई रोज ज्या मागच्या खोलीत दार लावून बसायचा, तिचं दार त्यांनी ठोठावलं नाही. स्वतःच्या घरात कसली आलीय परवानगी?

आत टेबलावर वीतभरही लांब नसलेली एक गाडी उभी होती. बाईंनी ती बघता क्षणी ओळखली. भिंतीवरच्या फोटोतली, त्यांच्या नवऱ्याची. नवरा त्याच वर्कशॉपात थोरला मिस्त्री होता, आठवडाभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या मातीच्या गोल ट्रॅकवर स्वतःची पळवायचा. साधीच, रस्त्यावरची जुनी गाडी. आतल्या सीटा उपटलेल्या, काचा काढलेल्या, टपाखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला. फोरमन तिला स्टॉक कार म्हणायचा. बाई तिला सवत म्हणायच्या. जावई वर्कशॉपला लागला तोवर ती कधीच भंगारात गेली होती. त्याने पाहिला होता तो फक्त फोटो.

आणि फोटोवरून त्याने काय काय उभं केलं होतं! बॉडी डब्यांच्या पत्र्याची. आतून बघितलं तर बिस्किटाचं अर्धं चित्र दिसत होतं. पिंजरा सायकलच्या आऱ्यांचा, डाख देऊन जोडलेला. चाकं एका खेळण्यातल्या गाडीची, पण मागची कापून रुंद केलेली, जशी मिस्त्रींनी केली होती. पुढची जाळी मात्र बाईंच्या चहाच्या गाळणीची होती, आणि गेला आठवडाभर चहात चोथा का येतोय, ते कोडं जागच्या जागी सुटलं.

खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा आहे, जावई खाली मान घालून म्हणाला. बाईंची शाळा दुसरीत सुटली होती, पण तीस वर्षं त्यांनी त्याच वर्कशॉपसाठी सीटा आणि स्टेअरिंगची कव्हरं शिवली होती. मोठ्याचं लहान आणि लहानाचं मोठं कसं बेतायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. चष्मा लावून त्यांनी गाडी चारी बाजूंनी पाहिली. मग नखाने दार उघडलं. इवल्याशा बिजागरीवर ते उघडलंसुद्धा.

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. ही दारं वेल्डिंगने बंद केलेली असायची, त्यांनी सांगितलं. मिस्त्री खिडकीतून आत शिरायचे आणि खिडकीतून बाहेर यायचे, आणि दर वेळी विजार फाडून यायचे. ती विजार मी शिवलीय, मला विचारा. आणि ही गाडी अशी गुळगुळीत कधीपासून झाली? फोटो पहिल्या शर्यतीच्या आधीचा आहे, तेव्हा सगळ्याच गाड्या गुळगुळीत असतात. तिसऱ्या शर्यतीत कडेच्या पिंपांना ती उजव्या अंगाने घासत गेली. दारापासून मागच्या चाकापर्यंत सव्वादोन विती लांब पोचा, पुढे चार बोटं खोल आणि मागे निमुळता. मिस्त्रींनी तो आतून ठोकून काढला. पुढच्या शर्यतीत तो परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. शेवटी म्हणाले, राहू दे त्याला, येणारच आहे तर दर वेळी निरोप तरी कशाला द्यायचा.

"पोचा घाला," बाई म्हणाल्या. "नाहीतर ही दुसऱ्या कुणाची तरी गाडी आहे."

"डेंट काढायचं माझं काम आहे, आई," जावई म्हणाला. "घालायचं नाही."

सात महिन्यांतलं ते त्याचं सर्वांत लांब बोलणं होतं. त्यात डेंटरचा ताठा होता, आणि ताठा बाईंना कळत असे. त्यांच्याकडे तो पायलीने होता. पण ताठ्याच्या मागे आणखी काही होतं. त्यांनी टेबलाकडे नीट पाहिलं. कात्री, कानस, पुट्टी, पॉलिश पेपर. पत्रा लाकडी ठोकळ्यावर चमच्याने घासून घासून वळवलेला. सगळं डाव्या हाताने निभावण्यासारखं. हातोडी कुठेच नव्हती. पोचा घालायचा तर हातोडी लागते, आणि हातोडी उजव्या हातात लागते.

तेवढ्यात जावयाने रंगाची छोटी बरणी सरकवली. डाव्या हातात ब्रश होता, म्हणून बरणी उजव्याने उचलली. बोटं बरणीभोवती आली, जिथे अडायची तिथे अडली, आणि बरणी नीट उचलली गेली. बाई बघत राहिल्या. मग उठल्या.

दुपारी त्यांनी गाठोडं सोडलं. त्यातली सर्वांत लहान हातोडी घेतली, रंगाच्या तसल्याच रिकाम्या बरणीला दोरा गुंडाळून माप घेतलं, आणि हातोडीच्या दांड्यावर कापसाचा थर, त्यावर जुन्या कापडाची पट्टी, त्यावर रेक्झिन असं चढवत नेलं. स्टेअरिंगला शिवतात तशी ओढून, टाक्याला टाका लावून शिवण घातली. दांडा बरणीइतका जाड झाला. मिटत नाहीत ती बोटं मिटायची कशाला? दांड्यानेच त्यांच्यापर्यंत यावं.

हातोडी टेबलावर पाहून जावयाचा चेहरा लाल झाला. डेंटरच्या हत्याराला दुसऱ्याने हात लावायचा नसतो, हे त्याने सुनावलं. बाई म्हणाल्या, हात कुठे लावला, थंडीत उघडं पडलं होतं म्हणून अंगडं घातलं.

दोन दिवस हातोडी तिथेच पडून होती. बाईंनीही काही कमी केलं नाही. जेवताना मुलीला ऐकवलं, की आपल्याकडे एक गाडी आलीय, फार सोवळी आहे, कुणाचा धक्का लागलेला चालत नाही तिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून टक् असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. बाई चुलीपाशी कान देऊन उभ्या राहिल्या आणि भाजी करपली. ती त्यांनी स्वतःच्याच पानात वाढून घेतली आणि कोणी विचारायच्या आत म्हणाल्या, आज मुद्दाम खरपूस केलीय.

पहिलं दार फाटलं. दुसऱ्याला पोचा पडला, पण हातोडी सुटून बोटावर आली. तिसरं बरं होतं, म्हणून तो बाईंना दाखवायला घेऊन आला. बाईंनी ते उजेडात धरून परत दिलं. हा एका जागी धडक बसल्याचा पोचा आहे, घासत गेल्याचा नाही. एका जागी दहा ठोके मारू नका, हलके मारत हात मागे नेत चला. जावयाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डेंट कसा पडतो हे मला सांगताय, असं पुटपुटत तो आत गेला, आणि दुपारभर आतून टक टक टक असा आवाज येत राहिला, आधी अडखळत, मग जरा सलग. मुलगी पाळीवरून आली, उंबऱ्यातच थांबली. तिने आईकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, बघतेस काय, घरातले डबे संपलेत, येताना आणायला हवे होतेस.

सहा दारं वाया गेली. सातवं लागलं.

महिना संपायला दोन दिवस राहिले होते. सकाळी चहा होत होता तेव्हा जावयाने गाडी आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली. दारं आता डाख देऊन बंद केली होती. उजव्या अंगावर पोचा होता, पुढे खोल, मागे निमुळता, कडेला रंग खरवडून आतला पत्रा चमकत होता. मुलगी हातातला कप विसरून बघत उभी होती. बाईंनी चष्मा पुसला. तो पुसायची गरज होती, असं त्या नंतर सांगणार होत्या. बोट अलगद पोच्यावरून पुढून मागे नेलं. मातीचा लोट, पिंपांचा खडखडाट, खिडकीतून बाहेर पडणारे ते लांब पाय, सगळं त्या बोटाखालून गेलं.

जावई उभाच होता. हळूच म्हणाला, "आई, हा डब्याचा पत्रा आहे. ऐकतो. गाडीचा पत्रा असा ऐकत नाही. तिथे नाही जमलं तर?"

"काय नाही जमलं तर?" मुलीने विचारलं. "कुठे तिथे?"

जावयाने टेबलावरची गाडी उगाच जरा सरळ केली. बाईंनी गाडी बाजूला सरकवली, चष्मा काढला आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"ऐका, जावईबापू. गाडी हुबेहूब झालीय. पोचा तर असा उतरलाय की मला त्यांच्याशी पुन्हा भांडावंसं वाटतंय. मोठ्या पत्र्याला मोठी हातोडी लागेल, तिचा दांडा मी आज संध्याकाळपर्यंत शिवून देते. पहिल्या दिवशी वाकडं ठोकाल, दुसऱ्या दिवशी जरा कमी वाकडं ठोकाल, चार लोक हसतील, त्यांचे दात दिसतील, आपलं काय जातंय? तुमचा हात काही घरी बसवण्याइतका वाईट नाही. वाईट आहे ती तुमची जीभ, तिला सात महिने गंज चढलाय. आधी बायकोला सगळं सांगा, मग फोरमनला फोन करा. आणि माझी गाळणी आणून द्या, नवीन."