झारीने पाहिलेलं मौन

मी झारी बोलतेय. पत्र्याची, लांब चोचीची, झाडांना पाणी घालायची झारी. माझं नाव काढलं की लोकांना लगेच शुक्राचार्य आठवतात, आत बसून वाट अडवणारे. माझ्या चोचीत आजवर एक वाळकं पान आणि एक गोगलगाय, एवढंच अडकलं. वाट अडवणारी माणसं मी सगळी बाहेरच पाहिली, खुर्चीत बसलेली.

झाडांवर प्रेम करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकते. मग तोंड वाकडं करू नका.

डबे आणि नरसाळी बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. माणूस मुळीच प्रेमळ नव्हता. पत्र्याला डाख देताना खोकायचा, शेजारच्या दुकानदाराला शिव्या घालायचा, आणि काम झालं की मला कोपऱ्यात भिरकावायचा. पण त्याने जोडलेल्या सांध्यातून अजून थेंब गळत नाही. पुढे मला गोंजारणारे भेटले, तेव्हा त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याची फार आठवण आली.

तिथून मी एका दुकानात आले. प्लास्टिकच्या हिरव्या-गुलाबी झाऱ्यांमध्ये आकड्याला लटकत राहिले. आणि एक दिवस साहेब आले.

साहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली आणि निवृत्त झाल्यावर स्वतः कमी बोलायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "प्लास्टिकची न्या, ही गंजते." साहेबांनी मला उचललं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "हिच्यात एक साधेपणा आहे." दुकानदाराने आवंढा गिळला. मीही गिळला असता, पण माझा गळा तेव्हा रिकामा होता.

साहेबांच्या घराला मोठी गच्ची होती. गच्चीच्या टोकाला एक खोली होती: खिडकी, पंखा, बाजूला मोरी. साहेबांचे वडील शेवटची वर्षं तिथेच होते. आता तिथे खताच्या पिशव्या, रिकाम्या कुंड्या, आरामखुर्ची आणि मी. साहेब तिला चिंतनाची खोली म्हणत, त्यांची बायको अडगळीची. मी तिथे राहत होते, त्यामुळे बायकोचं खरं हे मला ठाऊक आहे.

उन्हाळा सुरू झाला आणि साहेबांचं शांत जीवनही सुरू झालं. डोक्यावर गवती टोपी, पायात रबरी चप्पल, सकाळी अकरापर्यंत मौन. बायको खालून विचारायची, "अहो, दूध आणता का?" साहेब डोळे मिटून घ्यायचे. मात्र शेजारचे वकील गच्चीवर आले की मौन सुटायचं. "उन्हाळा माणसाला आत वळायला शिकवतो," असं साहेब सांगायचे, आणि वकील घाम पुसत म्हणायचे, "तुमच्याकडे काय शांत वाटतं हो." गुलाब, टोमॅटो आणि मोठ्या कुंडीतलं लिंबू, एवढ्या संसाराला पाणी घालायला दहा मिनिटं पुरली असती. साहेब त्यात सकाळ घालवायचे. एकेका पानावरून बोट फिरवायचे. पानांना ते आवडत होतं असं मला कधी दिसलं नाही.

अशाच एका तापलेल्या दुपारी त्यांची बहीण जिना चढून वर आली. ती इस्पितळात नर्स होती. लग्न केलेलं नाही, सगळी नोकरी इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये राहून काढलेली. नुकतीच निवृत्त झाली होती. घरात तिला अजून बेबी म्हणत. अर्धे केस पांढरे झालेल्या बाईला बेबी म्हणायचं आणि तिला काही हवंय असं दिसलं की मोठ्या माणसासारखं टाळायचं, ही या घराची रीत.

"दादा," ती म्हणाली, "महिनाअखेर क्वार्टर सोडायचंय. ही खोली मला दे. माझं सामान थोडं आहे. स्वयंपाक वेगळा करीन, वहिनीला त्रास नाही."

साधं बोलणं होतं. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि मला उचललं. नळाखाली भरलं आणि लिंबाला पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं.

"ऊन फार आहे," ते म्हणाले.

बेबीने थोडा वेळ वाट पाहिली आणि खाली गेली. जिन्यात वहिनीला तिने तेच विचारलं. वहिनी म्हणाली, "माझी कसली हरकत असणार? ह्यांना विचारा." या बाईने 'ह्यांना विचारा' म्हणत सगळा संसार रेटला होता. नाही म्हणायचं पाप नाही, हो म्हणायची जबाबदारी नाही. दोघं एकमेकांना शोभत होती.

बेबी पुन्हा आली, आणि पुन्हा. ती आली की साहेब मिठाची गुळणी धरायचे आणि मला उचलायचे. तिने खोलीचं नाव काढलं की लिंबाला पाणी. तिने खिडकीतून आत डोकावलं तरी लिंबाला पाणी. लिंबाची पानं पिवळी पडू लागली. साहेबांना वाटलं, झाड तहानलेलं आहे, म्हणून आणखी पाणी. मी माझ्या चोचीने एका झाडाला बुडवत होते आणि मला बोलता येत नव्हतं. ज्यांना बोलता येत होतं ते बोलत नव्हते.

मग ती सकाळ आली. बेबी लवकर आली होती. उन्हाने तोंड लाल झालेलं, हातात क्वार्टरच्या किल्ल्या.

"दादा, आज किल्ल्या द्यायच्यात. सामान टेम्पोत भरलंय. टेम्पोवाला विचारतोय, कुठे न्यायचं."

साहेबांनी खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. अकरा वाजायचे होते, मौन चालू होतं.

मला वाटलं, ती ओरडेल. माझा म्हातारा असता तर त्याने मलाच साहेबांच्या टाळक्यात घातलं असतं. पण बेबी एका पालथ्या कुंडीवर बसली आणि थांबली. माणसांच्या या सोशिकपणाचं लोक कौतुक करतात. मला तिचाही राग आला. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. साहेब डोळे मिटून बसले होते, पण त्यांच्या पायाचा अंगठा हलत होता. आत वळलेल्या माणसाचा अंगठा असा हलत नाही.

अकरा वाजले. साहेब उठले आणि मला घेऊन नळाकडे गेले.

"मला नाही म्हण, दादा," बेबी पाठीमागून म्हणाली. "चालेल मला. पण तोंडाने म्हण."

"तसं नाही गं," साहेब म्हणाले. "बघू. एवढा उन्हाळा जाऊ दे. इथे मला जरा शांतता मिळते."

बेबी उठली. तिचा आवाज चढला नाही.

"याच खोलीत मी बाबांना चमच्याने पाणी पाजत होते. ते तुझं नाव घेत होते. तू बाहेर इथेच उभा होतास, ढग मोजत असल्यासारखा वर बघत. तेव्हाही तुला शांतताच हवी होती."

साहेबांनी मला भरून लिंबावर तिरकं धरलं. पाणी लिंबाच्या कुंडीतून वाहून त्यांच्या चपलांपर्यंत आलं. एक शब्द बोलायला त्यांना तेवढा वेळ पुरला असता. ते पाणी घालत राहिले. बेबी जिना उतरून गेली, आणि थोड्या वेळाने टेम्पो निघाल्याचा आवाज आला.

मग लिंबू मेलं. साहेबांनी कुंडी उलटी केली तेव्हा मुळं काळी पडून लगदा झालेली. "नर्सरीवाल्याने फसवलं," ते वकिलांना म्हणाले. वकील म्हणाले, "हल्ली रोपंच चांगली मिळत नाहीत." साहेबांचं गच्चीवरून मन उडालं. आता ते खालीच बसतात, पंख्याखाली, कसलीशी शांत करणारी बासरी ऐकत. खोली रिकामी झाली. आरामखुर्चीसुद्धा खाली गेली. खोलीला कुलूप लागलं.

त्यानंतर एक दिवस वहिनीला माझी आठवण झाली. मला घासलं, पिशवीत घातलं आणि बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. बेबी तिथे एका जुन्या मैत्रिणीबरोबर राहत होती, तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, मधे चालायला वाट नाही. खिडकीत औषधांच्या बाटल्या.

"ह्यांना आता बागेचा नाद राहिला नाही," वहिनी म्हणाली. "म्हटलं, वन्सं, तुम्हाला उपयोगी पडेल."

जिने खोली मागितली तिला झारी. मी पत्र्याची आहे म्हणून बरं, नाहीतर त्या पिशवीत मला घाम फुटला असता.

बेबीने मला हातात घेतलं. माझा सांधा अंगठ्याने चाचपला. मग मला परत पिशवीत ठेवून पिशवी वहिनीच्या हातात दिली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण माझ्याकडे जागा नाही, वहिनी."

वहिनीने चहा अर्धा टाकला. जिना उतरताना ती तळाशी थांबली. मला घरी परत नेलं तर साहेबांना काहीतरी सांगावं लागलं असतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला जिन्याखाली ठेवलं आणि रिकामी पिशवी घडी घालून बस पकडली.

तेव्हापासून मी इथे आहे. येणारे-जाणारे माझ्यात विड्यांची थोटकं टाकतात, तिकिटं टाकतात. बेबी रोज माझ्याजवळून जाते. एकदाही थांबली नाही, आणि तिने थांबू नये असंच मला वाटतं.

तुमच्यापैकी कोणाला उन्हाळ्यात झाडं लावायची हुक्की आली आणि मी नजरेस पडले, तर खुशाल उचला. थोटकं ओतून टाका, मी अजून गळत नाही. फक्त त्याआधी घरात जे कोणी तुमच्या उत्तरासाठी ताटकळत उभं असेल, त्याला उत्तर देऊन या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. तेवढंही जमणार नसेल तर मला हात लावू नका.